खोबरेल प्यालेला ब्रेक

केरू, अर्ध्या जगाला वळसा घालून सायकल धाडलीस, पण ‘चकतीला तेल लावू नकोस’ एवढं लिहायला तुझा हात मोडला होता काय? माहिती म्हणून जे पुस्तक सोबत बांधलंस ते जपानीत. त्यात एक माणूस सायकलकडे बोट दाखवून हसतोय. तो कशाला हसतो ते मला धाकूच्या भातात उताणी पडल्यावर कळलं.

बरं, रीत सोडू नये. चिरंजीव केरूस गोदाआक्काचा आशीर्वाद. जहाजावर नीट जेवतोस ना? कोजागिरीपर्यंत मुंबईच्या गोदीत आहेस असं तूच लिहिलंयस, म्हणून हे पत्र तिथे टाकते. इकडे माझं उजवं ढोपर सोडून सगळं ठीक. म्हैस गाभण आहे. तुझे भावोजी लोट्याच्या कंपनीत पाळ्या करतात आणि शनिवारी येऊन मला शहाणपण शिकवतात.

आता सायकलचं ऐक. आली तेव्हा अख्खी वाडी आमच्या पडवीत. सायकल सगळ्यांनी पाहिलेली, पण प्रत्येक चाकाच्या मधोमध ही पोलादी चकती, ताम्हनाएवढी, भोकंभोकं असलेली, ती कोणी बघितलेली? म्हातारी मथुराकाकू तर नमस्कार करून गेली. तुझ्या भावोजींनी (सायकल त्यांच्या नावाने आली ना, मग पहिला मान त्यांचा) त्याच दुपारी घाटीच्या उतारावर नेली आणि नेहमीच्या काळ्या सायकलचा ब्रेक दाबतात तसा मुठीत धरून आवळला. सायकल जागच्या जागी उभी राहिली. हे नाही राहिले. हे पुढे गेले आणि करवंदीच्या जाळीत बसले. काटे काढायला मला संध्याकाळ पुरली नाही. त्या दिवसापासून ‘वाहन बरं नाही, खोडीचं आहे’ असं म्हणून त्यांनी ती पडवीच्या आढ्याला टांगली.

मी म्हटलं, वाहन बरं आहे, मूठ बरी नाही. ते लोट्याला गेले की मी ती उतरवायची आणि पहाटे सड्यावर न्यायची. (कातळावर पडलं तर लागतं, पण बघायला कोणी नसतं.) शिकले. नऊवारीचा काष्टा असला की दांडीची काय भीती? त्या पाचवारीवाल्या मास्तरणी बघत राहतात. पुढे भाजीचा हारा मागे बांधून मी हातखंब्याच्या तिठ्यावर जायला लागले. पूर्वी डोक्यावर हारा घेऊन पोचेपर्यंत भाजी आणि मी दोघी सुकलेल्या असायचो आणि चांगली गिऱ्हाइकं निघून गेलेली. आता मुंबईच्या गाड्या चहाला थांबतात तेव्हा मी तिथे आधीच बसलेली असते.

आणि काय सांगू तुला त्या ब्रेकचं! तू दर्यावर मोठमोठी यंत्रं बघतोस, तुला काही वाटणार नाही. भर आषाढात, घाटीला पाण्याचे लोट, तांबडा चिखल चाकाला पोळीसारखा चिकटलेला. अशा वेळी हरिश्चंद्राच्या दुकानातल्या भाड्याच्या सायकली थांबतच नाहीत, माणसं चपला घासत खाली येतात. मी दोन बोटांनी ब्रेकची दांडी ओढली, नुसती दोन बोटांनी, दूध काढताना सड धरावा तशी, आणि सायकल अशी हळू होत होत थांबली की मागच्या हाऱ्यातली भेंडी हलली नाही. मी पावसात उतरून बघत बसले. आत बत्ताशाएवढ्या दोन वड्या आहेत, त्या चकतीला दोन्हीकडून चिमटीत धरतात, बस. चिखल लागतो तो बाहेरच्या कडेला, ही चकती आपली आत, स्वच्छ. ज्या कोणाला सुचलं असेल की चिखल लागतो तिथे धरूच नये, त्याच्या आईने त्याला काय खायला घातलं असेल रे? मी भिजून चिंब झाले, पण तिथून उठवेना.

म्हणूनच खंडेनवमीला मी तिला सगळ्यांत आधी मान दिला. नांगराचा फाळ, कोयता, विळी, कुदळ, सगळी धुतली, पुसली आणि खोबरेल चोळलं. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडाला तेल नाही लावलं तर आठवड्यात गंज धरतो, हे तुला आईने शिकवलं आणि मलाही. चकत्यांना तर मी चांगलं दोनदा तेल दिलं, कापसाच्या बोळ्याने, भोकाभोकांतून. काय लखलखल्या म्हणतोस! हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. मथुराकाकू म्हणाली, “गोदे, देवापेक्षा ही उजळली गो.”

दसऱ्याला सकाळी झेंडूचा हारा बांधून निघाले. घाटीच्या अर्ध्यावर दोन बोटं ओढली. काही नाही. चार बोटं ओढली. दोन्ही मुठी आवळल्या. सायकल थांबेना, नुसती किंचाळायला लागली, डुकराला धरल्यावर ओरडतं तशी. खाली हमरस्ता, त्यावर ट्रक. देवाचं नाव घ्यायचं सोडून मी तुझं घेतलं (कसं घेतलं ते लिहीत नाही) आणि हँडल डावीकडे वळवून धाकूच्या शेतात घातली. कापायला आलेलं भात, त्यात मी, माझ्यावर सायकल आणि सगळ्यांवर झेंडू.

धाकू बांधावर उभा राहून म्हणतो, “वहिनी, कापणी उद्या आहे.”

मी म्हटलं, “मेल्या, आधी हे चाक उचल, मग पंचांग सांग.”

उचललं त्याने. पण भात आडवं झालं म्हणून तुझ्या भावोजींकडे कागाळी केलीच.

हरिश्चंद्राकडे नेली. त्याने वास घेतला, मान हलवली आणि ‘सुकी झाली असेल’ म्हणून वरून अजून यंत्राचं तेल सोडलं! मी त्याच्या हातातून बुधली ओढून घेतली. घरी येऊन विचार करत बसले. सगळ्या लोखंडाला तेल लागतं, मारुतीलाही लागतं, शनीलाही लागतं. हे एकच लोखंड असं की कोरडं राहील तरच पावतं. केरू, मला त्याची भीतीच वाटली. राग नाही आला, भीती. एवढं सोवळं माझ्या सासूचंही नव्हतं. मग शिकेकाई आणि राखेने चकत्या घासल्या, पण वड्या तेल पिऊन बसलेल्या.

शनिवारी भावोजी आले आणि बसता बसता निकाल दिला. धनत्रयोदशीला रजेवर आले की सायकल हरिश्चंद्राला देणार आणि त्याच्याकडची काळी घेणार, स्वतःसाठी. म्हणजे काळी सायकल लोट्याला आणि मी परत हारा डोक्यावर. तेव्हा नव्या वड्या कुठे मिळतात ते कळव.

गोदाआक्का

ता. क. वड्या शोधू नकोस. हे पत्र दोन दिवस लिहितेय, तेवढ्यात मी त्या काढून तव्यावर भाजल्या (घरभर खोबऱ्याच्या करपटीचा वास) आणि पॉलिशपेपरवर घासून परत बसवल्या. आज घाटीवर पुन्हा दोन बोटांनी थांबली. मी तिथेच तिला हात जोडले, लांबून.

ता. क. दुसरा. हे भावोजींना सांगितलं नाही, सांगून उपयोग नाही. त्यांना ब्रेकचं दुःख नाही, करवंदीचं आहे. तेव्हा तू त्यांना लोट्याच्या पत्त्यावर पत्र टाक. लिही की सायकल मी आक्काला भाऊबीज म्हणून धाडली होती, पार्सलवर तुमचं नाव नुसतं सोयीसाठी घातलं. भावाची ओवाळणी विकायला त्यांचा हात होणार नाही, तेवढे ते चांगले आहेत. खोटं कसं लिहू म्हणशील, तर यंदाची भाऊबीज म्हणून आत्ताच देऊन टाक, म्हणजे खोटं होणार नाही. लुगडं नको. लिहिलंस की नाही ते मला वसुबारसेच्या आत कळलं पाहिजे.