फिल्टरमधली राख

कोराडी, मंगळवार, १३ मे १९८६

नव्या गाडीला चढावर दम लागतो म्हणून आज ह्यांनी शेजाऱ्यांना अंगणात जमवलं. इंजिनात तेल घट्ट घालायचं की पातळ? चहावर चहा झाला. रोज वीजकेंद्राची राख झटकून घरात येणारी माणसं ही! मी बॉनेट उघडलं, हवेचा फिल्टर काढून पायरीवर आपटला. बाई गं, केवढी राख! फिल्टर परत बसवला, ह्यांनी गाडी काढली आणि ती चढावर सुसाट गेली.

शेजारच्या भाऊजींनी ह्यांना विचारलं, "कोणतं तेल टाकलं गा?"

"मले काहून विचारून राहिला? तिले विचार."

आणि मी गाडी चालवायला शिकले तरी कधी हाती न दिलेली तिची किल्ली ह्यांनी पुढे केली. राखेचे हात न धुताच घेतली मी!