हेल्मेटातली बोंडं

देऊळघाट

आदरणीय बनाबाईताई यांना नूरजहांचा सलाम आणि जय भीम.

तुमची तब्येत बरी असेल, गुडघे फार कुरकुर करत नसतील, महामाया सासरी सुखात असेल आणि तिच्या लग्नात मी भरून दिलेली गादी अजून एका बाजूला गोळा झाली नसेल, अशी आशा करते. (झाली असेल तर रागावू नका, उन्हात टाकून दोन्ही बाजूंनी झोडपा, बसते जागेवर.) आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. आमच्या घरधन्याचं, मोईजचं गादीघर चालू आहे, लोक फोमच्या गाद्यांचे भाव विचारून जातात आणि पाठ दुखली की परत येतात. खुशाल नाही ती फक्त मी. खरं तर फोनच करणार होते, पण फोनवर तुमचं 'हां, बोल वो' ऐकलं की माझ्या तोंडात आलेला शब्द परत पोटात जातो. म्हणून पत्र. एक विनंती आहे, पूर्ण वाचून होईपर्यंत चपला घालू नका आणि बसस्टँडकडे निघू नका.

मला कशाकशाची भीती वाटते ते तुम्हाला ठाऊक आहे. पाल, कुकरची शिट्टी, पोलिसांची गाडी, अनोळखी माणूस, आणि ओळखीचा माणूस अचानक समोर आला तर तोसुद्धा. अशी बाई स्टेजवर गेली कशी, हे आधी सांगते. बोंडअळीच्या वर्षानंतर आपल्या जिल्ह्यात किती संस्था आल्या ते तुम्ही पाहिलंच. कुणी शेळ्या वाटल्या, कुणी शिलाई मशीन. त्यात पुण्याची एक संस्था अशी आली की ती म्हणाली, आम्ही काही वाटणार नाही, तुमच्या आयुष्यात घडलेलं तुम्हीच सांगायचं, स्टेजवर, एकटीनं उभं राहून. त्याला एकपात्री म्हणतात. आमच्या शेजारच्या कलाबाईनं नाव दिलं आणि मी नुसती सोबत म्हणून बुलडाण्याला गेले. (कलाबाईला एकटीला जायची भीती वाटते असं मी घरी सांगितलं. कलाबाई बिचारी कशालाच भीत नाही.) तिथल्या मॅडम स्वभावानं फार चांगल्या, पण एकदा डोळ्यांत पाहायला लागल्या की नजर हटवत नाहीत. त्यांनी आम्हाला गोल बसवलं, डोळे मिटायला लावले आणि एकेकीला बोलतं केलं. कलाबाईनं सांगितलं तेव्हा सगळ्या रडल्या, चहा देणारी बाईसुद्धा. मग माझी पाळी आली. मी आठवून पाहिलं. जन्मले, दहावी झाले, लग्न झालं, गाद्या भरल्या. यात उभं राहून सांगावं असं काय आहे? मॅडम पाहत राहिल्या, आणि ताई, माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं ते तुमचं होतं.

म्हणजे ते हेल्मेटचं. तुमच्या ओसरीत बसून मी महामायाची गादी भरत होते आणि तुम्ही हसत हसत सांगत होता, तसंच्या तसं मी सांगितलं. बीटी कपाशीचं बियाणं घेतलं की अळीची काळजीच नको म्हणाले होते आणि त्या वर्षी बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. पंचनाम्याला साहेब आले, शेताच्या कडेला धुऱ्यावर मोटरसायकल उभी केली, हेल्मेट उताणं करून टाकीवर ठेवलं आणि खाली पायसुद्धा न टेकवता कागदावर लिहायला लागले की पऱ्हाटी हिरवीगार आहे, नुकसान दिसत नाही. तोंडाला रुमाल बांधलेली एक बाई (म्हणजे तुम्ही) पऱ्हाटीतून बाहेर आली आणि कमरेच्या ओटीतली किडकी बोंडं तिनं त्या हेल्मेटात ओतली. तेवढ्यात साहेबांना वरच्या साहेबांचा फोन आला, ते घाबरले आणि घाईघाईत हेल्मेट उचलून तसंच डोक्यावर चढवलं. मग त्यांनी धुऱ्यावर जो नाच केला तो मला करून दाखवावा लागतो. (तो नाच मला चांगला जमतो असं सगळे म्हणतात. घाबरलेल्या माणसाचं सोंग मला शिकवावं लागत नाही.) आणि त्यानंतर साहेब शेतात उतरले आणि एकेक बोंड फोडून पाहू लागले. मॅडमनी मला मिठीच मारली. शेत कुठलं असं विचारलं तेव्हा मी धामणगावला बटाईनं केलं होतं असं सांगितलं. तोंड उघडलंच होतं, तर हेही बाहेर पडलं.

पुढं महिनाभर तालीम चालली आणि मी रोज ठरवायचे की आज खरं सांगून टाकू, आणि रोज घाबरून परत यायचे. शेवटी बुलडाण्यात प्रयोग झाला. माझे पाय असे लटपटत होते की मॅडमनी त्याला अभिनय समजून पाठीमागून 'छान' म्हणून अंगठा वर केला. सुरुवातीलाच घात झाला. कापूस वेचण्याचा अभिनय करताना मी एकेक बोंड तोडलं की दोन्ही हातांनी कापूस फुलवून मोकळा करत होते, जन्मभराची सवय. मागून एक बाई ओरडली, "अवो बाई, वेचून राह्यली का पिंजून राह्यली?" सगळा हॉल हसला. मी तशीच पुढे गेले, कारण मागे जायचा रस्ता मला अंधारात दिसत नव्हता. हेल्मेटाशी आले तेव्हा पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांवर नजर गेली. कृषी खात्याचे मोठे साहेब होते. मी बोंडं ओतली आणि त्यांचा हात हळूहळू स्वतःच्या कॉलरकडे गेला.

ताई, तेच साहेब होते. बढती झालेले.

पुढचं मी कसं केलं ते मला माहीत नाही. पडदा पडल्यावर साहेब पाठीमागे आले आणि म्हणाले, "ते तुम्हीच होय?" खरं सांगावं तर तुमचं नाव घ्यावं लागतं, आणि सरकारी माणसाला तुमचं नाव द्यायची माझी छाती नाही. खोटं बोलायलाही छाती लागते, तीही नाही. माझी मान थरथरत होती, ती त्यांना होकारासारखी वाटली. मला वाटलं आता सरकारी कामात अडथळा, कोर्ट, जेल, आणि मोईज डबा घेऊन फाटकाशी उभा. पण साहेब म्हणाले, "तवापासून मी हेल्मेट झटकल्याबिगर घालत नाही, बाई." आणि मग मॅडमकडे वळून म्हणाले की हा प्रयोग जिथं घडलं तिथंच झाला पाहिजे, धामणगाव बढ्याला, शाळेच्या पटांगणात, मी स्वतः येतो.

तर असं आहे. बाजाराच्या दिवशी तुमच्या गावात, तुमच्या शेजाऱ्यांसमोर, मी तुमची गोष्ट माझी म्हणून सांगणार आहे. बोर्डावर माझा फोटो आहे. तुमच्या शेजारच्या शेतातले पंजाबराव यांनी ते सगळं धुऱ्यापलीकडून पाहिलेलं आहे आणि प्रत्येक लग्नात पंगतीला बसून ते सांगतात, हे तुम्हीच मला बोलला होता. ते उभे राहून म्हणणार, "हे तं बनाबाईचं हाय!" लोक मला चोर म्हणतील ते मी ऐकून घेईन. पण तुम्ही तिथं बसून माझ्याकडं पाहाल, त्याला मी काय करू? तुमच्यासारखं माणूस मला दुसरं नाही. तुम्ही ओसरीवर बोलवायचं बंद केलं तर मला धामणगावची बस बंद झाल्यासारखं होईल. म्हणून हात जोडून विचारते, परवानगी आहे का? नाही म्हणालात तर मला ताप आला असं मॅडमना कळवते. ते खोटं ठरणार नाही, अंग आत्ताच गरम आहे.

मोठ्यांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, चूकभूल पदरात घ्या.

तुमची,
नूरजहां

ता. क. त्या दिवशी लांबच्या एखाद्या गावी पंजाबरावांच्या नात्यातलं लग्न निघत असेल तर चौकशी करावी. साखरपुडासुद्धा चालेल.

ता. क. दुसरा. वर लिहिलंय की नाही म्हणालात तर मी थांबते. ते मी फक्त चांगलं दिसावं म्हणून लिहिलं. थांबायची माझी इच्छा नाही. बोंडं ओतते तेवढ्या वेळात मला कशाचीच भीती वाटत नाही, ताई. आयुष्यात पहिल्यांदा. मग परत वाटायला लागते.

ता. क. तिसरा. खरं विचारायचं होतं ते वेगळंच. तुम्ही ही गोष्ट नेहमी हसत सांगितली आणि साहेब शेतात उतरले तिथंच थांबलात. मॅडम म्हणाल्या, मग तू घरी गेलीस तेव्हा काय झालं? मला माहीत नव्हतं, म्हणून मी मनानं जोडलं की ती बाई घरी आली, आतून कडी लावली आणि हात थांबेनात म्हणून मांडीखाली दाबून बसून राहिली. तिथं हॉलमध्ये कुणी हसत नाही. ताई, तसं झालं होतं का? एका कार्डावर नुसतं हो किंवा नाही लिहा. नाही असेल तर तेवढा तुकडा मी काढून टाकते, पण मग गोष्टीत माझं असं काहीच उरत नाही आणि मला स्टेजवर चढता येईल असं वाटत नाही. हो असेल तर पहिल्या रांगेत बसू नका. वर या, माझ्याजवळ बसा.