शिखराच्या शब्दांचं पान

आदरणीय मास्तर,

साष्टांग नमस्कार.

तुम्हाला जाऊन तीन महिने होत आले. एवढ्या दिवसांत तुम्हाला चार ओळी लिहायचं धाडस झालं नाही, कारण माझ्या हातून तुमच्या पुस्तकाचा एक अपराध घडला होता. आज दुपारी फणसवाडीत तुमच्या घरी जाऊन माईंपुढे सगळं कबूल केलं. घरी आलो, देवापुढे दिवा लावला आणि लिहायला बसलो. देवाला मनातलं ऐकू जातं म्हणतात. पण तुम्ही पडलात मास्तर, कागदावर उतरवल्याशिवाय तुमचं समाधान कुठलं व्हायला!

आठवतं, तुम्ही मला पहिल्यांदा काय विचारलं होतं? शाळेच्या मुलांसाठी तुम्ही इंग्रजी शब्दांचं पुस्तक केलं होतं आणि छापखान्यात त्याचे खिळे जुळवायचं काम माझ्याकडे आलं होतं. तुम्ही प्रूफ हातात धरून म्हणालात, "सखाराम, एक चूक नाही रे! इंग्रजी कुठे शिकलास?" मी म्हटलं, "कुठे नाही. आमच्या गावात मराठी सातवीपर्यंतच शाळा. मी अक्षरं बघून शिशाचे खिळे लावतो. अर्थ एकाचाही येत नाही." तुम्ही हसला नाहीत. उलट म्हणालात, "म्हणजे वीस वर्षं तू पाणी वाहतोयस आणि घोटभर प्यायला नाहीस?"

तेव्हा तुमचं सर्वांत उंच जागांच्या शब्दांचं पान चाललं होतं. एवढ्या सगळ्या शब्दांचा अर्थ 'वरचं टोक'च असेल तर इंग्रजांना एक शब्द पुरत का नव्हता, असं मी विचारलं. तुम्ही मला जेवणाच्या सुट्टीत थेट छापखान्याच्या गच्चीवर नेलंत! मलबार हिलकडे बोट करून म्हणालात, "तू चढून वर जाऊन उभा राहिलास, ते समिट. लांबून सुळका दिसतो, तो पीक." मग खाली देवळाचा कळस दाखवलात, तो पिनॅकल. क्रेस्टसाठी चौपाटीवर लाट फुटण्याआधी तिचा माथा बघायला लावलात. झेनिथ सांगताना माझी हनुवटी धरून तोंड वर केलंत. उन्हाने डोळे दिपले. "डोक्याच्या बरोब्बर वर, आभाळात. तिथे कोणी चढत नाही."

ॲक्मी मात्र मला कळेना. तुम्ही विचारलंत, "लालबागला तुमच्या चाळीत भजन होतं ना? टाळ असे चढतात की आता ह्याच्या पुढे चढण नाही असं वाटतं?" मी म्हटलं, "वाटतं." "मग तेच!" त्या एकादशीला भजनात मी मनातल्या मनात ॲक्मी म्हटलं, मास्तर. विठोबाने माफ केलं असेल.

पुढे तुम्ही तापाने पडलात. अंथरुणातूनच शेवटच्या प्रूफावर सही केलीत, आणि चौथ्या दिवशी गेलात.

आणि त्याच आठवड्यात माझ्या हातून ते झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची पत्रकं तातडीने हवी होती, मराठी खिळे कमी पडत होते. मालक ओरडले, "छापून झालेल्या पानांचे खिळे सोडवा रे!" छापलेल्या पानाच्या लाकडी फळीवर खडूने फुली मारायची आमची पद्धत. मी तीन पानांचे दोरे सोडले आणि खिळे खान्यांत टाकत सुटलो. तिसरी फळी रिकामी झाल्यावर पाहिलं, तिच्यावर फुली नव्हती. तुमचं उंच जागांचं पान! जुळवलेलं, तपासलेलं, तुमच्या सहीचं. छापायचं तेवढं राहिलेलं.

हस्तलिखित आणि सहीचं प्रूफ तुमच्या घरी परत गेलेलं. तुमचा दहावासुद्धा झाला नव्हता. माईंच्या दारात कुठल्या तोंडाने जाणार होतो? मालकांना सांगायचीही हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी ते पान आठवणीने पुन्हा जुळवलं. इंग्रजी झेडचा खाना कोण उघडतो? त्यातली धूळ फुंकून झेनिथचं पहिलं अक्षर उचललं. पिनॅकलला दोन एन की एक, ह्यावर किती वेळ गेला! शेवटी डोळे मिटून हात जाईल तिकडे जाऊ दिला. पान छापलं. पुस्तक बांधून शाळांत गेलं. वर तुमचं नाव, आत माझी आठवण. एखाद्या मुलाने माझी चूक पाठ केली आणि बोल तुम्हाला लागला, तर? तीन महिने देवळात हात जोडले की हेच डोळ्यांपुढे यायचं.

आज माईंनी सगळं ऐकून घेतलं. ट्रंकेतून तुमचं हस्तलिखित काढलं. म्हणाल्या, "मला इंग्रजी अक्षरं येतात. ह्यांनीच शिकवली. तुम्ही छापलेलं धरा, मी हे वाचते." एकेक अक्षर लावून पाहिलं. सगळे शब्द बरोबर! दोन्ही एन जागच्या जागी! मी भिंतीला टेकून बसलो.

तेवढ्यात माई माझ्या हातातलं पान बघून म्हणाल्या, "अहो, पण मराठी अर्थ वेगळाच आहे." झेनिथपुढे तुम्ही लिहिलं होतं, 'खस्वस्तिक'. मी छापलं होतं, 'आपल्या डोक्याच्या बरोबर वरचं आभाळ'. ॲक्मीपुढे तुमची 'पराकाष्ठा', माझं 'ज्याच्या पुढे चढण नाही ते'. मास्तर, ते पान मी दोनदा जुळवलं, पण दुसऱ्यांदा माझ्या कानात तुमचं बोलणं होतं.

माईंनी दोन्ही अर्थ मोठ्याने वाचले आणि पदराआड हसायला लागल्या. तुमच्यानंतर पहिल्यांदाच हसल्या असाव्यात. "खस्वस्तिक! चाळीस वर्षं संसार केला, ह्यांचं असलं मराठी मला कधी कळलं नाही. तुम्ही छापलंय ते कळलं." मग डोळे पुसून म्हणाल्या, "आणि हे काही तुमचं नाही हो सखारामभाऊ. हे ते घरात बोलायचे तसंच आहे."

एक विचारू? रागावू नका. बोलताना इतकं सोपं सांगत होता, मग कागदावर ते खस्वस्तिक कशाला हवं होतं? आपल्या भाषेच्या राज्यासाठी रस्त्यावर माणसं उभी आहेत. त्यांच्या मुलांना तुमचं गच्चीवरचं मराठी चाललं नसतं का?

मालकांना अजून सांगायचं आहे. सोमवारी कामाला हात लावण्याआधी सांगेन, मग ते काय बोलतील ते बोलोत. आणि पुस्तक पुन्हा छापायची वेळ आली की प्रत्येक पानाचं प्रूफ फणसवाडीला घेऊन जाईन. माई वाचतील, मी ऐकेन. त्यांना अर्थ कळला नाही, तर तुमचा शब्द असला तरी तो मी छापणार नाही, मास्तर.

तुमचा आज्ञाधारक, एवढी एक गोष्ट सोडून,

सखाराम