हौदाकडचा कुडा

बाई, तुमच्या हौदाकडचा कुडा यंदाही फुलला. हौद आता उरलेला नाही. तुम्ही गेल्यावर वर्षभरात घरमालकांनी तो बुजवून मागच्या परसात काँक्रीट केलं, तिथे आता दोन गाड्या उभ्या असतात. पण त्या कुड्याचं एक पोर माझ्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, अर्ध्या कापलेल्या निळ्या बॅरलमध्ये जगलं आहे. गेल्या आठवड्यात एका सकाळी मी त्याचे घोस मोजले, सात होते. जिना उतरून खाली आलो, मन मानेना म्हणून परत वर जाऊन मोजले. सातच. दोनदा मोजल्याने आठवा फुटतो का, असं तुम्ही विचारलं असतंत. मी टाकीला पाठ लावून बराच वेळ बसलो. डोळे मिटले की तुमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं असतं, चहा उतू जात असतो आणि तुम्ही आतून हाक मारता, "काय रे, मला विचारलंस का?" हा प्रश्न गेली आठ वर्षं मला ऐकू येतो. दुकानात फ्लेक्सची अक्षरं जुळवताना येतो, दाढी करताना येतो. तुम्ही जिवंतपणी मला असं कधीच विचारलं नव्हतं. याच्या अगदी उलटच सांगितलं होतंत. त्याचंच लिहायला बसलो आहे.

नववीत वडिलांची कंबर गेली आणि माझी शाळा सुटली. तुम्ही मात्र सुटला नाहीत. शिवाजी पेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानात मी कामाला लागलो तेव्हा शाळेच्या कसल्यातरी समारंभाचा बोर्ड करायला तुम्ही आलात. मी लिहिलेलं 'शुभाशीर्वाद' चष्मा वर करून वाचलंत आणि मालकांना म्हणालात, "हा हात माझ्या शुद्धलेखनातून तयार झालाय." मालक हसले. मला त्या दिवशी आनंदाने जेवण गेलं नाही. पुढे मी वीस वर्षांचा झाल्यावर तुम्ही मला तुमच्या झाडवेड्या रविवारच्या मंडळींत घेतलंत. तेलाच्या डब्याचे पत्रे कापायचे, पांढरा रंग द्यायचा आणि काळ्या रंगाने झाडांची नावं लिहायची, हे काम माझं. धायटी, करवंद, अंजनी, कुडा. सगळी डोंगरातली झुडपं, कुणी पैसे देऊन विकत न घेणारी. तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी अक्षरं काढायचो आणि प्रत्येक पाटी लावण्याआधी तुम्हाला तीनदा विचारायचो. हेच ना बाई? नक्की हेच? इथेच लावू? तुम्ही तीनदा हो म्हणायचात.

तुम्हाला धरून आपण सात जण होतो. रंगपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी एकाच्या घरी जमायचं आणि पोरं वाटायची, पोरं म्हणजे मुळावरून फुटलेली रोपं. नियम तुमचेच. रोपाबरोबर देणाऱ्याच्या अंगणातली मूठभर माती गेली पाहिजे. घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत, मानले तर झाड रुसतं. आणि ज्याच्या दारात पहिला बहर येईल, त्याने दुसऱ्या बहराआधी त्या झाडाचं एक पोर दुसऱ्या दारात पोचवायचं. "एकाच दारात असलेलं झाड हे असून नसल्यासारखं," असं तुम्ही म्हणायचात. "आज माझं मेलं तर उद्या तुमच्याकडून परत येईल." काकी, म्हणजे बाजारात ज्यांचं भांड्यांचं दुकान आहे त्या, हळूच म्हणायच्या, "बाईंची बँक." तुमचा कुडा तर सगळ्यांनाच हवा होता. आजऱ्याकडच्या डोंगरातून, तुमच्या आईच्या गावाहून, ओल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन आणलेला. चैत्रात फुलला की वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. पण त्याला पोरं फुटत नव्हती, आणि जी एक-दोन फुटायची ती तुम्ही अजून लहान आहेत म्हणून काढू देत नव्हतात.

म्हणून तर एका रविवारी आप्पांनी त्याचं एक पोर चोरलं. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, रंकाळ्याकडे राहणारे आपले आप्पा, चुलीच्या लाकडासारखे सरळ. मागून आणलेलं झाड जगतं, चोरून आणलेलं फुलतं, असं त्यांच्या आईने त्यांना सांगितलेलं. निघताना तुम्ही विचारलंत, "आप्पा, पिशवीत काय आहे?"

"डबा हाय की."

"डब्याला पानं फुटलीत?"

सगळे हसले, आप्पाही हसले. तुम्ही हसला नाहीत. "मागितलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं का? चोराला माझ्या दारात यायचं कारण नाही." आप्पांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी पिशवी तशीच नेली, कारण पोर काढून ठेवायलाही त्यांना सुचलं नाही. ते पोर आठ दिवसांत मेलं आणि आप्पा तुमच्याकडे परत आले नाहीत. तुम्ही आजारी पडलात तेव्हाही नाही.

मग तो माघ महिना. तुमची खाट स्वयंपाकघरात, मागच्या दाराशी आणून ठेवली आहे, परसू दिसावं म्हणून. कुड्याची पानं झडली आहेत, नुसत्या काठ्या उभ्या आहेत. तुम्ही म्हणता, "पाच पोरं काढ. एकेक सगळ्यांना. तुला पाहिजे तर सहावं. आणि पहिलं आप्पांना दे. सांग त्यांना, पहिलं त्यांनाच द्यायला सांगितलंय." मी विचारतो, मुळं किती लांब ठेवू? तुम्ही सांगता. पिशवी मोठी घेऊ का लहान? तुम्ही सांगता. पाणी आज घालू का उद्या? आणि तुम्ही उशीवरून मान उचलता. "अरे, किती विचारशील? मी नसले की कुणाला विचारणार आहेस? एवढं एक काम तरी मला न विचारता कर."

मी केलं. न विचारता केलं, बाई. सगळ्या आयुष्यात तेवढं एकच.

तुमच्या परसात कुडा एकच होता, पण भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत दुसरा होता, काळा कुडा. त्याची मुळं भिंतीखालून आपल्याकडे यायची आणि त्यांना पोरं फुटायची, ती तुम्ही दर पावसाळ्यात उपटायला लावायचात. फुलं दोघांचीही पांढरी. काळ्याच्या फुलात मधोमध बारीक झालर असते आणि वास नसल्यातच जमा. पानं नसताना काठीवरून काही कळत नाही. ओळख एकच, तुम्हीच शिकवलेली: झाडाखाली पडलेल्या वाळक्या शेंगा बघायच्या. आपल्या कुड्याच्या दोन शेंगा सुट्या असतात, काळ्याच्या टोकाशी जुळलेल्या. हौदाजवळ एव्हाना पाच-सहा पोरं फुटली होती, पण तिथली जमीन दगडासारखी होती. भिंतीकडे माती मऊ होती, तिथे पाच पोरं जवळजवळ उभी होती. ती मी काढली. हौदाकडचं एकच काढलं, बारीक, सुतळीएवढं. ते जगेल असं वाटलं नाही म्हणून माझ्यासाठी ठेवलं. सहा पाट्या लिहिल्या. 'बाईंचा कुडा'. सगळ्या सारख्या, एकही अक्षर वाकडं नाही. नवव्या दिवशी तुम्ही गेलात.

पहिलं आप्पांना दिलं. निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. नियमाप्रमाणे आभार मानले नाहीत. पाचव्या वर्षी सगळ्यांत आधी त्यांच्याच दारात फुलं आली. आम्ही पाचही जण गेलो, काकींनी पेढे आणले. आप्पांची नजर आता अधू आहे, त्यांनी घोस हाताने चाचपला आणि नाक खुपसलं. मग परत खुपसलं.

"वास कुठाय रं?"

"पहिल्या बहराला नसतो," काकी म्हणाल्या.

"असं आसतंय व्हय?" आप्पांनी मला विचारलं.

मी फुलातली झालर बघत होतो. मी म्हणालो, "असेल."

पुढच्या वर्षीही वास नव्हता. काकी म्हणाल्या माती बदलली, दुसरं कुणी म्हणालं नळाच्या पाण्यात औषध असतं. आप्पांनी मात्र दोष स्वतःच्या नाकाला दिला. "जन्मभर डिझेल हुंगलं, आता कशाचं ऱ्हायलंय." डॉक्टरांकडे गेले, नाकात नळी घालून घेतली. डॉक्टर म्हणाले, नाक उत्तम आहे. आणि ते खरंच होतं, गल्लीत कुणाचं दूध लागलं तरी त्यांना आधी कळायचं. एका संध्याकाळी ओट्यावर चहा पिताना ते मला हळू आवाजात म्हणाले, "बाकी सगळं येतंय गड्या. बाईंचंच तेवढं येत न्हाय. चोरलेला मेला आणि दिलेला मुका निघाला. बाई माझ्यावरचा राग घिऊनच गेल्यात बघ." मी बशीतला चहा संपवला. बशी विसळून पालथी घातली. घरी आलो.

तोवर माझ्या गच्चीवरच्या सुतळीएवढ्या पोरालाही पहिला बहर येऊन गेला होता. सकाळी कपडे वाळत घालायला वर गेलो आणि पायरीवरच वासाने कळलं. मला आनंद झाला नाही, भीती वाटली. याचं पोर कुणाच्या दारात द्यायचं तर बाकीची पाच कुणाची, ते सांगावं लागणार. मी बॅरल ओढत टाकीमागे नेलं आणि पुढे जुन्या फ्लेक्सचा पडदा बांधला. कुणाच्यातरी वाढदिवसाचा बोर्ड आहे तो. त्यावरचा हसणारा माणूस गेली दोन वर्षं तुमचा कुडा लपवतो आहे. तुमचा नियम मी मोडला. रोज पाणी घालताना पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं. वळून बघतो. कपडे असतात.

या रविवारी तुमची लेक, म्हणजे ताई, आप्पांकडे आल्या. पुण्यात नवीन घर घेतलंय, दाराशी आईचा कुडा लावायचा म्हणाल्या. आप्पांनी मला बोलावून घेतलं, पोर काढायला. मी खुरपं घेऊन उभा होतो. ताई घोसाजवळ वाकल्या आणि थोड्या थांबल्या. "आईच्या कुड्याला वास होता ना?"

"येतोय की," आप्पा घाईने म्हणाले. "मलाच येत न्हाय. तुमास्नी येतोय न्हवं?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे. "हो, येतोय," त्या म्हणाल्या. "छान येतोय."

खुरपं मी खाली ठेवलं. मी म्हणालो, "आप्पा, माझ्या घरी चला. ताई, तुम्हीपण."

तीन मजले चढायला आप्पांना पाव तास लागला. "वर काय सोनं पुरलंयस व्हय रं?" असं करत करत चढत होते. तिसऱ्या वळणावर थांबले. एका हाताने कठडा धरला, दुसरा हात मला गप्प करायला वर केला.

"थांब," म्हणाले. "बाई आल्यात."

ताईंनी तोंडाला पदर लावला. मी पुढे जाऊन पडदा सोडला. आप्पा घोसात तोंड घालून उभे राहिले, किती वेळ ते माहीत नाही. मग मागे न वळता त्यांनी विचारलं, "ह्यो कुणाचा?"

"बाईंचा. हौदाकडचा."

"मग माझ्या दारात काय हाय?"

"भिंतीपलीकडचा काळा. माझ्याकडून चुकून झालं, आप्पा. पानं नव्हती."

"तीन वर्सं," आप्पा म्हणाले. "तीन वर्सं माझ्या नाकाला शिव्या घातल्या मी. नळी घालून घेटली. आन् तू शेजारी बसून च्या पीत हुतास. जिभंला लकवा मारलता काय रं तुझ्या?" ते बॅरलच्या कडेवर बसले. मग आवाज एकदम खाली आला. "पयलं मला द्या म्हनल्या हुत्या, ते तरी खरं हाय का?"

"खरं आहे, आप्पा. शपथ."

"तुझ्या शपथेचं आता काय करू मी?"

बहरात पोर काढायचं नसतं, पण ताईंना परत जायचं होतं. मी दोन काढली. एक ताईंना, एक आप्पांना, दोन्हीबरोबर मूठ मूठ माती. आप्पांनी पिशवी घेतली आणि माझ्याकडे न बघता जिना उतरायला लागले. आभार मानायचे नाहीत हा आपला नियम आहे. त्यामुळे ती रीत होती की राग, ते मला कळलं नाही. पाट्या मी अजून लिहिलेल्या नाहीत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून त्यांना जे सांगितलं नाही ते इथे लिहितो. चुकून झालं असं मी त्यांना म्हणालो. पण भिंतीकडे पहिलं पोर काढतानाच खुरप्याला वाळकी शेंग लागली होती. मी ती उचलून साफ केली. शेंगांची जोडी होती, टोकाशी जुळलेली. मी दाराकडे पाहिलं. तुम्ही खाटेवर कुशीवर होतात, डोळे उघडे होते. मी कुठे खणतोय ते तुम्हाला दिसत होतं की नव्हतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तुम्ही काही म्हणाला नाहीत. मला एकच प्रश्न विचारायचा होता, तो मी गिळला आणि दुसरं पोर काढायला वाकलो. तुम्ही रागावाल म्हणून नाही, बाई. तुम्ही मला विचारू नको म्हणाला होतात, आणि त्याचा मला राग आला होता.

शेंग रंगाच्या डब्यात आहे. पत्र तिच्याखाली ठेवतो.