दुसरा सोनार

प्रिय राजाच्या लेका,

तू स्पेनचा राजपुत्र, मी रिसोडजवळच्या खेड्यातली चौथी शिकलेली बाई. तुले कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. पण मी आजी झाली रे! माह्या लेकीले, संगीताले, पोरगा झाला. नाक थेट माहं! रविवारी बारसं हाय, अन् तिच्या सासूनं कान टोचाले सोनार सांगून ठेवला. म्हणून लिहून राह्यली.

संगीता नर्स हाय. तिनं मोबाइलवर तुही गोष्ट वाचून दाखवली. जन्मापासून तुहं रक्त थांबतच नव्हतं. तू धडकशीन म्हणून बागेतल्या झाडांले गाद्या बांधल्या होत्या म्हणे! मले हासू आलं, मंग रडू. विशीच्या आत गेला तू. गाडी भिंतीले जराशी आदळली, वरून काईच दिसलं नाई, आत रक्त वाहत राह्यलं. राजाघरी डॉक्टर नव्हते काय रे?

माह्या लेकाले, विजयले, कोण गाद्या बांधन? बारशाले कान टोचले तं दोन दिवस रक्त गळलं. माही सासू म्हणे, "सोनाराचा हात वाईट." भोकं बुजली. अन् मी बावळट! तो पाच वर्षांचा झाला तं मीच हट्टानं दुसरा सोनार बोलावला. कारंज्याचा, नावाजलेला.

"नको वं आई," विजय म्हणे. मी त्याचे हात धरले.

चौथ्या दिवशी गेला. मंग सासू म्हणे, "हिचं दूधच नासकं." नवरा उठून वावरात गेला.

तुह्या आईलेही हाच बोल लागला म्हणते संगीता. हा आजार आईकडून लेकाले येते. पण आईले ठाऊक असते काय? तू तरी तिच्या बाजूनं एक शब्द बोलला काय रे? विजय लहान होता. तू तं मोठा होता!

नातवाचं रक्त तपासाले देलं, रिपोर्ट यायचा हाय. विहीणबाई म्हणे, "बिनाटोचलेलं पोरगं लोकांले दाखवू कसं? तुमच्या घरचा वहीम आमच्या घरी नका आणू." वहीम! विजय वहीम होता काय?

विजय गेला तवा मी कानातली काढली, ती काढलीच. माहीही भोकं बुजली. तुले वचन देतो, रविवारी सोनार पाटावर बसला की लेकरू संगीताच्या मांडीवर ठेवीन अन् मीच त्याच्यापुढं बसीन. टोच बाप्पा, म्हणीन.

हात कोणी धराची गरज नाई.

विजयची आई
(आता आजी)