माउंट कॉर्डेलच्या खिंडीत धरलेली काठी

प्रति,
मा. सचिव,
शिखर वर्गीकरण समिती,
फॉलन पाइन गिर्यारोहक मंडळ, कोलोरॅडो

विषय : चौदा हजार फुटांवरील सर्व शिखरे पूर्ण केल्याचे माझे प्रमाणपत्र रद्द करणेबाबत.
संदर्भ : माउंट कॉर्डेल यादीतून वगळल्याचा आपला मे महिन्यातील ठराव.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, मी व माझे पती मर्विन (आपल्या समितीचे सदस्य) यांनी लग्न झाल्यावर ही सर्व शिखरे जोडीने चढण्याचे ठरविले होते. शेवटी एकच उरले, माउंट कॉर्डेल. काही वर्षांपूर्वी तेथील खिंडीच्या वरच्या अरुंद कड्यावर मर्विन यांना पुढे पाऊल टाकवेना. ते खडकाला मिठी मारून बसले. माथा समोर दिसत होता. "तू जा, मी इथंच थांबतो," ते म्हणाले. मी गेले नाही. हात धरून त्यांना खाली आणले आणि याची वाच्यता कोठेही केली नाही.

त्यानंतर दर उन्हाळ्यात कॉर्डेलचा विषय काढला की त्यांचा गुडघा दुखत असे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मात्र ते आपणहून म्हणाले, "थीडा, चल, खिंडीपर्यंत जाऊन वाट कशी आहे ते बघून येऊ." मी हरखून वाटेत खायला बरिटो बांधून घेतले. खिंडीत त्यांनी उंची मोजण्याचे यंत्र काढले व त्याची काठी माझ्या हाती दिली. वारा सुटला होता. "हलू देऊ नकोस गं!" मला वाटले, चढाईचीच तयारी चालली आहे.

आपल्या नियमानुसार, शेजारच्या उंच शिखराला जोडणाऱ्या खिंडीपासून माथा किमान तीनशे फूट वर असावा लागतो. अन्यथा तो शेजाऱ्याचा खांदा समजला जातो. नकाशात या खिंडीची उंची अंदाजानेच दिलेली होती. मर्विन यांच्या मोजणीत कॉर्डेल बारा फूट कमी भरले. ठरावही त्यांनीच मांडला. मला हे कळले ते मंडळाच्या वार्षिक जेवणात, आम्हा दोघांच्या नावाचा केक व प्रमाणपत्रे पुढे आल्यावर. "अगं, आता जायची गरजच उरली नाही. झालं आपलं पूर्ण!" असे ते म्हणाले आणि सर्वांनी टाळ्या वाजविल्या. मी केक कापला, याचे मला अद्याप वाईट वाटते.

मोजणीबद्दल माझी तक्रार नाही. काठी मी सरळ धरली होती. घरी आल्यावर मी एवढेच विचारले, "भीती वाटते असं मला सांगितलं असतंस तर?" त्यावर उत्तर मिळाले, "कसली भीती? प्रश्न आकड्यांचा होता." ज्यांना मी त्या कड्यावरून हात धरून खाली आणले होते, त्यांनी माझ्याच तोंडावर असे म्हणावे, यावर मला जे वाटले ते अर्जाच्या भाषेत बसत नाही. क्षमस्व.

कॉर्डेल हा खांदा की शिखर, हे समितीने ठरवावे. सप्टेंबरमध्ये मी एकटी वर जाऊन आले. यादीत नसल्याने माथ्यावर चिटपाखरूही नव्हते. कड्यावर मलाही भीती वाटली. मोठ्याने रडले, मग पुढे सरकले.

तरी सोबतचे प्रमाणपत्र रद्द करावे, कारण मे महिन्यात माझे काहीही पूर्ण झालेले नव्हते. बदली प्रमाणपत्र देऊ नये. तसेच मंडळाची पत्रे आजवर आम्हा दोघांना एकाच पाकिटातून येत असत. यापुढे माझी पत्रे खालील पत्त्यावर पाठवावीत. मर्विन यांचा पत्ता जुनाच आहे.

आपल्या मंडळाची जुनी सभासद,
(सही)
थीडा लिंडक्विस्ट
द्वारा श्रीमती ओरालिया किंताना, बेकरीच्या वरची खोली, फॉलन पाइन
दि. ४ ऑक्टोबर

सोबत : मूळ प्रमाणपत्र, चौकटीसह.