कुंडीची वाटणी

ता. ९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा काल टेम्पोतून दादांचा पाम उतरवून गेला. चहालाही थांबला नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. फोनवर तू गिऱ्हाईक आल्याचं सांगून सुटतेस, म्हणून लिहिते.

दादा गेले आणि त्यांचं घड्याळांचं दुकान बंद केलं, तेव्हा आपलं ठरलं की दुकानातला हा पाम एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे. दर खेपेला तो थोडाफार मरगळून येतो, मी बोलते आणि सोडून देते. या खेपेला पानं पुसताना मधल्या खोडाला हात लागला, तर ते पडायला आलेल्या दातासारखं हललं. माती उकरून पाहिली. मुळं तुटलेली नाहीत, कापलेली आहेत. कुंडीच्या काठावर निळ्या खडूची रेघ आहे, अगदी मधोमध. ज्या खडूने तू गिऱ्हाइकांचे कोट आखतेस, तोच खडू.

काय केलंस ते सरळ लिही, सारवासारव नको. हे झाड गेलं तर दादांचं म्हणून आपल्याकडे काही उरत नाही, आणि तुझं-माझं वर्षाकाठी भेटण्याचं निमित्तही उरत नाही.

मुलांना आशीर्वाद. तुला वर लिहून चुकले आहे, तेवढे पुरेत.

ताई


ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हो, कापायला बसले होते. करवत अर्ध्यात अडकली आणि आतून असा काही आवाज आला की मी ती ओढून काढली. माती दाबली, पाणी घातलं आणि ह्यांना सांगितलं, नेऊन ठेवा आणि चहाला थांबू नका.

एका कुंडीत तीन खोडं म्हणजे अरेका पाम, हे कुणीही सांगेल. अरेका बुडाशी फुटतो, त्याचे भाग करून लावता येतात. शेजारच्या वकीलबाईंनी त्यांच्या अरेकाचे चार केले, चारही माजलेत. मी दोनच करत होते, एक तुला, एक मला. खडूने आखलं, कारण तुझ्या वाट्याला बोटभर कमी आलं असतं तर ते मला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

मला कंटाळा आलाय, ताई. कुंडी तुझ्या दारात उतरली की तू चष्मा चढवून पान न् पान उलटून बघतेस, जसा काही मी चोरीचा माल आणलाय. नवं पान माझ्याकडे असताना आलं तर ते तुझ्या खताने. तुझ्याकडे असताना टोकं करपली तर ती माझ्या पाण्याने. शाळेत प्रगतिपुस्तकाची एवढी धास्ती मी कधी घेतली नव्हती. म्हटलं, अर्धं तू सांभाळ, अर्धं मी. कुणी कुणाच्या अर्ध्यात नाक खुपसायचं नाही.

एवढं वाचूनही राग उरला तर तो तिकडेच ठेव. इकडे आधीच जागा कमी आहे.

तुझी धाकटी


ता. २४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद. ‘अनेक’ या वेळी गाळले आहेत.

वकीलबाईंना त्यांचा अरेका लखलाभ. हा अरेका नाही. वाचनालयातून पुस्तक आणलं आणि कुंडीसमोर ठाण मांडून एकेक खूण ताडून पाहिली. अरेकाचे देठ पिवळसर असतात, पाती अरुंद आणि वर उचललेल्या. याचे देठ गर्द हिरवे, पाती रुंद आणि खाली झुकलेल्या. हा केंटिया पाम आहे. तो बुडाशी फुटतच नाही. ती तीन खोडं म्हणजे तीन वेगळी झाडं, विकणाऱ्याने कुंडी भरगच्च दिसावी म्हणून जवळजवळ लावलेली. तिघांचे दोन समान वाटे तू कसे करणार होतीस? मधल्या झाडाच्या पोटातून तू करवत घातलीस.

केंटिया वर्षाला एखाददुसरं पान देतो. तोच त्याचा वेग, त्यात तुझं-माझं कुणाचं कर्तृत्व नाही. मुळांना हात लावलेला त्याला खपत नाही, कडक ऊन सोसत नाही. दुकानाच्या अर्धवट उजेडात तो सुखात होता, तू त्याला गच्चीत भाजलंस. बोट मातीत खुपसून पाहायचं, वरचा थर कोरडा लागला तरच पाणी, आणि खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. खत मी बंद केलं आहे. मधलं खोड काठीला बांधलं आहे. शेंड्याची सुई, म्हणजे न उलगडलेलं पान, अजून हिरवी आहे. ती काळी पडली की ते झाड गेलं, कारण केंटियाला दुसरा शेंडा येत नाही.

हे झाडाचं झालं. आता तुझं. तुला कुंडी वाटायची नव्हती, माझ्याकडचं येणं-जाणं तोडायचं होतं. तसं तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून करवत घेतलीस. उत्तर स्वतः लिही, नवऱ्याला पुढे करू नकोस.

ताई


ता. २ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

हिंमत नव्हती, बरोबर आहे. आता आली आहे.

येणं-जाणं म्हणतेस, तर तू माझ्याकडे येतेस कधी? गेल्या वर्षात दोनदा आलीस आणि दोन्ही वेळा दारातून तडक गच्चीत गेलीस. ऑक्टोबरात माझ्या उजव्या हाताचं ऑपरेशन झालं. पुन्हा कात्री धरता येईल की नाही, हे डॉक्टरसुद्धा सांगत नव्हते. घरी आले त्या दिवशी तुझा फोन आला. पामला पाणी कोण घालतंय, असं विचारलंस. मीच घालते, डाव्या हाताने, असं मी सांगितलं. डाव्या हाताने अंदाज चुकतो, बेताने घाल, असं बजावून तू फोन ठेवलास.

करवतही डाव्या हातानेच चालवली, म्हणून ती अडकली. उजवा धड असता तर तुझा केंटिया दुभंगूनच आला असता.

झाड गेलं तर दादांचं म्हणून काही उरत नाही, असं तू लिहिलंस. मग मी कुणाची मुलगी?

उत्तर नाही आलं तरी चालेल.

धाकटी


ता. ८ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात खोडून काढण्याजोगं एखादं तरी वाक्य सापडेल म्हणून ते पुन्हा पुन्हा वाचलं. सापडलं नाही, आणि त्याचाही मला राग आला आहे.

सुई हिरवी आहे, पण उलगडलेली नाही. जखमी केंटिया जगतो की जातो, हे कळायलाच फार काळ जातो आणि तोवर त्याला जागचा हलवायचा नाही, असं पुस्तक सांगतं. तेव्हा पुढच्या फेब्रुवारीत कुंडी तुझ्याकडे येणार नाही, त्यापुढेही नाही. आपलं ठरलेलं मोडलं. ते तू मोडलंस, हे मी विसरणार नाही.

रविवारी सकाळच्या बसने मी येते आहे. आठ दिवस राहीन. सोयीचं आहे का, असं विचारत नाही, कारण तू नाही म्हणशील.

हाताची मूठ पुरती मिटते का, सकाळी बोटं आखडतात का, सुईत दोरा कोण ओवून देतं, हे मला फोनवर ऐकायचं नाही, बघायचं आहे. माझ्यासाठी घाईने निवळू नकोस. मीही निवळलेले नाही. राहिलेलं भांडण समोर बसून करू.

तोवर राग आणि लोभ, दोन्ही आहेत तसेच ठेवावेत.

ताई